मौजा हुडकेश्वर

हुडकेश्वरला इतिहास नाही, असं हुडकेश्वरात राहणारी माणसंच सांगतात. नागपूरचा इतिहास म्हणजे महाल, सीताबर्डीचा किल्ला, जुम्मा तलाव, दीक्षाभूमी. इकडे काय आहे? रिंगरोडवरून म्हाळगीनगर चौकात दक्षिणेला वळायचं. हार्डवेअरची दुकानं, दवाखाने, शिकवणी वर्गांचे फलक, मंगल कार्यालयं पार करत पिपळा फाटा गाठायचा आणि पुढे लेआउटमागून लेआउट मोजत जायचं. प्रत्येकाला नाव कुठल्या तरी देवाचं, संताचं किंवा लेआउटवाल्याच्या आईचं. नवीन आलेला माणूस विचारतो, इथे आधी काय होतं? उत्तर ठरलेलं असतं : "काहीच नव्हतं."

हे "काहीच नव्हतं" मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी एका म्हाताऱ्या शेतकरीबुवांना खोदून विचारलं. गावठाणातला त्यांचा मातीचा वाडा अजून उभा आहे, शेती मात्र कधीच विकून झाली. ते हसले. म्हणाले, "काहीच नव्हतं म्हंजे काय बाप्पा? तूर होती, ज्वारी होती, पऱ्हाटी होती. हरबऱ्याच्या वक्ताले राखणीले बसा लागे. तुमचं घर ज्या वावरात हाय ना, त्या वावराले नाव होतं." मग त्यांनी ते नाव सांगितलं. माझ्या विक्रीपत्रात ते नाही. तिथे फक्त मौजा, खसरा नंबर, पटवारी हलका नंबर आणि प्लॉट नंबर आहे.

वावराचं नाव जाऊन नंबर राहणं, ही काही हुडकेश्वरचीच गोष्ट नाही. अमेरिकेतल्या एखाद्या आडगावच्या टाउनशिपमध्ये तर सुरुवातच नंबरापासून झाली. १७८५ साली, स्वातंत्र्ययुद्ध संपून दोन वर्षं होत नाहीत तोच, तिथल्या काँग्रेसने जमिनीचा एक कायदा केला. ओहायो नदीच्या पश्चिमेची सगळी जमीन सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशा चौकोनांत आखायची. एक चौकोन म्हणजे एक टाउनशिप. तिचे एक-एक चौरस मैलाचे छत्तीस भाग करायचे, म्हणजे प्रत्येक भाग ६४० एकरांचा. टॉमस हचिन्स नावाच्या सरकारी भूगोलतज्ज्ञाने त्याच वर्षी ओहायो नदीच्या काठावर एक बिंदू धरला आणि तिथून पश्चिमेकडे साखळी टाकायला सुरुवात केली. आधी रेष, मग माणूस. नांगर नाही, घर नाही, विहीर नाही, पण चौकोन तयार. १८६२च्या होमस्टेड कायद्याने यातला पाव चौरस मैल, म्हणजे १६० एकर, जो पाच वर्षं तिथे राहील आणि कसेल त्याला जवळजवळ फुकट मिळू लागला. त्या १६० एकरांत आपले पंधराशे फुटांचे प्लॉट सलग बसवले तर साडेचार हजारांच्या वर भरतील. आणि आख्खं नागपूर महानगरपालिकेचं क्षेत्र, सुमारे सव्वादोनशे चौरस किलोमीटर, म्हणजे तिथल्या अडीच टाउनशिपसुद्धा होत नाहीत.

त्या छत्तीस भागांपैकी सोळावा विकायचा नाही, असं १७८५च्या कायद्यातच लिहिलं होतं. तो शाळेसाठी. मधल्या चौकोनांपैकी तो एक. पोरं जन्मायच्या आधी शाळेची जागा काढून ठेवलेली. पुढे अनेक ठिकाणी ती जमीन मातीमोल भावाने गेली, कुठे तिच्यावर डल्ला मारला गेला, हेही खरं. पण कागदावर पहिल्याच दिवशी कोणीतरी लिहिलं होतं की एवढं सगळ्यांचं.

आपल्याकडे उलटं झालं. इथे माणूस आधी, रेष नंतर. देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाहाने अठराव्या शतकाच्या आरंभी बारा वस्त्या जोडून नागपूर वसवलं, त्यालाही आधी नांदत्या वस्त्याच सापडल्या होत्या. १७४३ नंतर राज्य भोसल्यांकडे आलं, १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारल्यावर डलहौसीने ते खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. मग १८६०च्या दशकात जमाबंदीवाले आले. त्यांनी गावोगावी नकाशे काढले, खसरे लावले आणि गावाचा सारा गोळा करणाऱ्याला थेट गावाचा मालक ठरवून टाकलं. तो मालगुजार. महाराष्ट्राच्या इतर भागांत वतनदार पाटील होता, शेतकरी रयतवारीने सरकारशी बांधलेला होता. आमच्या नागपूर, भंडारा, चांद्याकडे मधे मालगुजार आला. ३१ मार्च १९५१ रोजी ती पद्धत कायद्याने संपली, तरी जुनी माणसं अजून एखाद्या वाड्याकडे बोट दाखवून "मालगुजाराचा" म्हणतात.

गंमत अशी की ओहायोत फिरली आणि इकडेही आली ती मापाची जात एकच. एडमंड गंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १६२० साली ६६ फुटांची साखळी बसवली. अशा ८० साखळ्यांचा एक मैल, दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे त्याच साखळीच्या अर्ध्या लांबीचा चौरस. आमच्याकडची जुनी माणसं एकराखाली गुंठ्यापेक्षा डिसमिल बोलतात, म्हणजे एकराचा शंभरावा भाग. तोही त्याच साखळीतून निघालेला. शॉनी, मियामी, डेलावेअर लोकांच्या शिकारीच्या रानावर जी साखळी पडली, तिच्याच वंशातली गोंड राजाच्या मुलखातल्या काळ्या मातीवर पडली.

पण आमच्या प्रांतात जमाबंदीने आणखी एक कागद केला आणि मला हुडकेश्वरचा इतिहास शोधायचा तर तिथेच शोधावासा वाटतो. त्याचं नाव वाजिब-उल-अर्ज. गावाच्या रूढी, वहिवाटी आणि हक्क यांची ही नोंद. त्याच्या जोडीला निस्तार पत्रक. निस्तार म्हणजे रोजच्या गरजा भागवायचे गावकऱ्यांचे हक्क : गुरं कुठे चरायची, सरपण कुठून आणायचं, भिंतीला माती आणि मुरूम कुठून खणायचा, खळं कुठे घालायचं, मेलेलं जनावर कुठे टाकायचं, दहन-दफन कुठे, बैलगाडीचा रस्ता कुणाच्या बांधावरून, तळ्याचं पाणी कुणाला किती. मालगुजारी गेली तरी हे कागद मेले नाहीत. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम १६१ निस्तार पत्रकाचं आणि कलम १६५ वाजिब-उल-अर्जाचं आहे, आणि हा भाग मुद्दाम विदर्भातल्या काही मुलखासाठीच ठेवला आहे. पुण्या-साताऱ्याच्या माणसाला हे शब्द सांगितले तर तो हे कुठल्या तरी नवाबाचे असावेत अशा नजरेने बघतो.

अमेरिकेने एक चौकोन शाळेसाठी काढून ठेवला. इथल्या गावांनी चौकोन आखले नाहीत, पण चरणं, पाणी, माती, वाट आणि मरण एवढ्या गोष्टी सगळ्यांच्या म्हणून धरल्या आणि सरकारने त्या लिहून घेतल्या. गाव कशाने होतं, याचं इतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

भूगोलाचं बघायचं तर हुडकेश्वर सातबाराच्या उताऱ्यात सपाट दिसतं, पण पायाखाली ते शांत नाही. दख्खनच्या लाव्हाची पूर्वेकडची कड नागपुराशी येऊन संपते. सीताबर्डीची टेकडी त्या काळ्या दगडाची, शहराच्या पूर्वेला गेलं की खडक बदलतो. या लाव्हाचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या घरात, आणि त्याच्या थरांमध्ये अडकलेल्या तळ्यांच्या गाळात गोगलगायी, बिया, लाकडं दगड होऊन राहिली आहेत. नागपुरात मिशनरी म्हणून आलेल्या स्टीफन हिस्लॉपने आपला सहकारी रॉबर्ट हंटर याच्याबरोबर हे टाकळीच्या परिसरात शोधलं आणि १८५५ मध्ये छापलं. हिस्लॉप कॉलेजला नाव त्याचंच. १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळ नाल्याच्या पुरात सापडून तो गेला. ती शिळावर्तुळं लोहयुगातल्या माणसांची दफनं आहेत, जुनापाणीला अशी शेकडो आहेत. तेव्हा नागपूरच्या आसपास "आधी काहीच नव्हतं" असं म्हणायची सोयच नाही. दफन करायला सुद्धा आधी जगावं लागतं.

लाव्हा कुजून जी माती झाली ती आमची काळी. शेतकरी तिच्यात फरक करतो : काळी, मोरंड, खरडी, बरडी. प्लॉट घेणाऱ्याला ती एकच दिसते आणि तिथेच त्याची फसगत होते. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. मे महिन्यात मोकळ्या प्लॉटवर हाताचा पंजा आत जाईल अशा भेगा पडतात. माझ्या घराच्या कंपाउंडला एक तडा आहे. उन्हाळ्यात तो इतका रुंदावतो की पोरं त्यात नाणी टाकतात, आणि जुलैत दोन-तीन चांगले पाऊस झाले की तो मिटतो, नाणी आतच. दरवर्षी मी सिमेंट भरतो, दरवर्षी माती ते बाहेर ढकलते. मिस्त्री म्हणाला, "काका, काळीवर फक्त भिंत उभी केली न तुमी. मुरूम लागेपर्यंत खोदा लागत होतं." जी माती कापसाला ओल धरून ठेवते म्हणून तिची किंमत होती, तीच आता घराच्या अंगावर येते. जमीन तीच, तिच्याकडून मागणं बदललं.

पाण्याचंही तसंच. इथलं पाणी पोहरा नदीकडे उतरतं. नाग, पिवळी आणि पोहरा या शहराच्या तीन नद्या, त्यांतली पोहरा दक्षिणेकडची. पुढे सगळं पाणी पूर्वेला कन्हानकडे आणि कन्हानमधून वैनगंगेत. म्हणजे हुडकेश्वरच्या छतावरून पडलेला थेंब शेवटी गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागरात जातो. हे नकाशावर वाचायला छान वाटतं. प्रत्यक्षात पोहऱ्यात आता पावसापेक्षा सांडपाणी अधिक, आणि काठावरची जुनी माणसं तिथे पोहल्याच्या गोष्टी सांगतात तेव्हा नातवंडं नाक मुरडतात. पूर्वी पाणी म्हणजे विहीर. शेतातल्या बांधीव विहिरी लेआउट पडताना बहुतेक बुजल्या. एखादी उरली तर तिच्यावर लोखंडी जाळी, जाळीवर निर्माल्य आणि प्लास्टिक. मग बोअरवेलचा आणि टँकरचा काळ आला. टँकर कोणत्या गल्लीत आधी येतो यावरून शेजाऱ्यांचे वर्षानुवर्षांचे अबोले झाले. आता नळ आहेत आणि त्यांत पेंचचं पाणी येतं, शहराच्या उत्तरेकडून. पायाखालच्या पाण्याचं नातं तुटलं आणि दूरच्या धरणाशी जुळलं, याला आपण विकास म्हणतो आणि मीही म्हणतो. रात्री दोनला उठून मोटार लावायचे दिवस मला परत नको आहेत.

कागदावर हुडकेश्वरं दोन : बुद्रुक आणि खुर्द. तालुका नागपूर ग्रामीण. कारभार तेव्हा ग्रामपंचायतीचा. शहर मात्र १९९०नंतर रिंगरोड ओलांडून इकडे सरकू लागलं. सक्करदरा, मानेवाडा भरले आणि पगारदार माणसाला परवडेल असा प्लॉट इकडेच उरला. वावर विकलं गेलं, चुन्याच्या रेघा पडल्या, रेघांच्या टोकाला सिमेंटचे दगड रोवले गेले. तीस बाय पन्नास. एका एकरात रस्ते आणि मोकळी जागा सोडून असे साधारण सतरा-अठरा बसतात. आधी रेष, मग माणूस. ओहायोत १७८५ साली झालं ते हुडकेश्वरात दोनशे वर्षांनी झालं, फक्त साखळी सरकारच्या ऐवजी लेआउटवाल्याच्या हातात होती. त्यामुळे एकाच्या रेघा दुसऱ्याच्या रेघांना जुळत नाहीत. आमचा रस्ता तीस फुटांचा, पुढच्या लेआउटमध्ये शिरताच वीस फुटांचा होतो आणि त्यापुढे एका माणसाच्या बाथरूमला जाऊन धडकतो.

यातले कित्येक प्लॉट परवानगीविना पडले. २००१चा गुंठेवारी कायदा आला तो असे व्यवहार नियमित करायला. तेव्हापासून नागपूरच्या या कडेला जगात कुठेही नसलेली एक भाषा बोलली जाते. लग्न जुळवताना मुलीकडचे विचारतात, घर स्वतःचं आहे का? हो. आरएल आहे का? आरएल म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं नियमितीकरणाचं पत्र. ते असेल तर बँक कर्ज देते, नकाशा मंजूर होतो, भाव दुप्पट होतो. नसेल तर घर असून नसल्यासारखं. २०१३ मध्ये हुडकेश्वर आणि नरसाळा महानगरपालिकेत गेले, ग्रामपंचायतीच्या पाटीवर मनपाची पाटी आली. कर शहराचा लगेच सुरू झाला. रस्ते, गडर लाइन आणि दिवे मागून, आपल्या सवडीने आले.

आणि सोळावा भाग? तो आमच्याकडेही आहे. प्रत्येक लेआउटच्या नकाशात हिरव्या रंगात एक तुकडा असतो, त्यावर लिहिलेलं असतं "ओपन स्पेस". नियमाने तो सगळ्यांचा. प्रत्यक्षात काय होतं ते पाहायचं तर पावसाळ्यात पाहावं. एका कोपऱ्यात गाजरगवत छातीएवढं वाढलेलं, दुसऱ्या कोपऱ्यात कोणाच्या तरी बांधकामाची गिट्टी, मधे सिमेंटच्या चौथऱ्यावर हनुमान किंवा गजानन महाराज. कारण देऊळ बांधलं की जागा कोणी बळकावत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. कुठे लोकांनी वर्गणीने कुंपण घातलं, कडुनिंब लावले, बाकडी ठेवली. कुठे तो तुकडाच एक दिवस प्लॉट नंबर घेऊन विकला गेला आणि त्यावर तीन मजले चढले.

तरी त्या तुकड्यावर मी गाव उभं राहताना पाहिलं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. बैल आता इथे कोणाकडे नाहीत. पण संध्याकाळी लहान पोरं रंगवलेले लाकडी नंदी ओढत ओपन स्पेसवर येतात. कुणाचा वीतभर, कुणाचा चाकांवरचा दोन फुटी, शिंगांना बेगड, पाठीवर झूल. ज्या वावरात आजोबांच्या बैलांनी तास धरलं, त्याच जागेवर नातू लाकडाचा बैल रांगेत लावतो. बुवा बाजूला खुर्ची टाकून बसतात आणि एखाद्या पोराला सांगतात, "अबे, जोडी अशी नाई लावत, धाकला उजवीकडे." पोराला धाकला-मोठा काय कळणार, पण तो बैल बदलतो. त्या क्षणी ती जागा खसरा नसते, आरएल नसते, निस्तार असते.

अमेरिकेत १८७६ साली स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली तेव्हा काँग्रेसने ठराव करून गावोगावच्या लोकांना सांगितलं की आपल्या काउंटीचा, आपल्या गावाचा इतिहास लिहा, चार जुलैला तो वाचा आणि एक प्रत सरकारदरबारी द्या. मास्तर, पाद्री, वकील कामाला लागले. पहिलं घर कोणाचं, पहिली गिरणी, पहिली शाळा, कोणत्या साली नदीला पूर. शे-दोनशे उंबऱ्यांच्या वस्त्यांचेही इतिहास छापले गेले. त्यांत खोट आहे ती मोठी आहे : बहुतेकांत गोष्ट सुरू होते ती पहिल्या गोऱ्या वसाहतवाल्यापासून. १७९५च्या ग्रीनव्हिलच्या तहाने ज्यांची जमीन गेली ते पहिल्या पानावर येतात आणि दुसऱ्या पानावर नाहीसे होतात. तिथेही "आधी काहीच नव्हतं."

मराठीत हे काम झालं नाही असं नाही. ना. वि. जोश्यांनी १८६८ मध्ये पुणे शहराचं वर्णन लिहिलं, त्रिं. ना. आत्र्यांनी १९१५ मध्ये 'गावगाडा' लिहिला, या. मा. काळ्यांनी नागपूर प्रांताचा इतिहास लिहिला. पण शहराची कड नेहमी निसटते. ती गाव असताना शहराच्या इतिहासात येत नाही आणि शहर झाल्यावर गावाच्या इतिहासात. हुडकेश्वर, नरसाळा, बेसा, पिपळा, दिघोरी ही नावं आता बसच्या पाट्यांवर आणि प्लॉटच्या जाहिरातींत उरली.

लिहायचं झालं तर मालगुजाराच्या वाड्यापाशी थांबू नये. ज्यांच्या नावावर कधीच खसरा नव्हता ते वावरात राबणारे मजूर, या मुलखाचे एकेकाळचे राजे असून उताऱ्यात क्वचित दिसणारे गोंड, आमची घरं बांधायला छत्तीसगड-बालाघाटकडून येऊन अर्धवट भिंतींच्या आडोशाला संसार मांडणारे मिस्त्री आणि रेजा, प्लॉटचे हप्ते फेडण्यात तारुण्य घालवलेले मिलमधले आणि शाळांतले नोकरदार, या सगळ्यांची ही जागा आहे. इतिहास म्हणजे ज्याच्या नावावर जमीन त्याची कुळकथा, एवढंच असेल तर तो तलाठ्याच्या दप्तरात आहेच.

म्हणून वाचणाऱ्याला एक विनंती. तुम्ही हुडकेश्वरात नसाल, पण कुठल्या तरी मौजात नक्की असाल. आपल्या घराखालचा खसरा नंबर काढा. विदर्भात असाल तर त्या गावाचं निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज पाहायला मागा, ते सार्वजनिक कागद आहेत. चराई कुठे होती, तळं कुठे होतं, पांदण कुठून जात होती ते वहीत उतरवा. लेआउटच्या मंजूर नकाशात ओपन स्पेस कुठे दाखवली आहे ते बघा आणि ती आज जागेवर आहे का, हे चालत जाऊन तपासा. गावठाणातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला वावरांची नावं विचारा आणि या पोळ्याच्या आत विचारा. ती नावं कोणत्याही कार्यालयात नाहीत.